पुतण्याचा वीझल

आमच्या घरात कोणाची समजूत घालावयाची वेळ आली की ते काम बहुधा मजकडे येते. मी भावंडांत मधला. दादांचा धाक माझ्या अंगी नाही आणि धाकट्यासारखे तोडून बोलणेही मला साधत नाही. त्यातून उभा जन्म शाळेत संस्कृत शिकविण्यात गेलेला. तेव्हा 'हा जाईल, चार गोष्टी गोडीने सांगेल' असा सर्वांचा समज. २०२४ सालच्या आषाढात असाच प्रसंग आला. फरक एवढाच की ज्याची समजूत घालावयाची, तो या खेपेस माडीवर रुसून बसलेला नव्हता; तो लडाखात होता.

दादांचा हा मुलगा इंजिनियर झालेला, पुण्यास चांगल्या पगारावर होता. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याने राजीनामा दिला आणि हिमालयातील वन्य प्राण्यांची नोंद ठेवण्याच्या कामावर तो निघून गेला. मुदत दोन वर्षांची. मानधन किती, हे वहिनींनी शेजारी कोणालाही कळू दिलेले नाही, म्हणून मीही येथे सांगत नाही. एक स्थळ सांगून आले होते, तेही या बातमीने आल्या पावली परतले. वहिनींचा राग मात्र माझ्यावर. मुलगा बारा वर्षांचा असताना मी त्यास भीमाशंकरी शेकरू दाखविण्यास नेले होते आणि मुंजीत दुर्बीण दिली होती. "ती दुर्बीण तुमचीच ना भावजी?" एवढेच त्या म्हणत, आणि पुढचे माझे मला समजत असे.

दादा तेवढेही बोलले नाहीत. आमची आई त्याच वर्षी पौषात गेली. हा तिचा सर्वांत लाडका नातू. परंतु अखेरच्या वेळी तो जवळ नव्हता, पोहोचला तो दहाव्या दिवशी. त्याबद्दल दादांनी अक्षर काढले नाही, आणि न काढल्यामुळेच ते घरात सदैव असे. मला निरोप देताना ते म्हणाले, "तू जाऊन ये. काय ते बघ."

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकरा हजार फूट उंच आहे. विमानाने आलेला मनुष्य दोन तासांत सखल प्रदेशातून तेथे जाऊन पडतो आणि छातीला त्याचा पत्ता नंतर लागतो. हवेचा दाब तेथे आपल्याकडच्या दोन-तृतीयांशाहूनही किंचित कमी. पुतण्याने मला विमानतळावरून थेट खोलीत नेऊन निजविले आणि दोन दिवस जिना चढू दिला नाही. मी बोलण्यास आरंभ केला की म्हणे, "काका, आता बोलू नका, दम लागेल. आपण रुंबकला जाऊ. तेथे तुम्हांला एक प्राणी दाखवतो, मग काय बोलायचे ते बोला." समजूत घालण्याची माझीच युक्ती तो मजवर चालवीत होता, हे माझ्या ध्यानात आले, पण खरेच दम लागत होता.

प्राणी म्हणजे वीझल. आपल्या बोलीत यास नाव नाही, कारण तो आपल्या मुलखात नाही. इंग्रजी पुस्तके मराठीत आणणारे त्यास बेलाशक मुंगूस म्हणून मोकळे होतात, आणि मीही इतकी वर्षे तसेच समजत होतो. पुतण्याने पहिल्याच संध्याकाळी माझा हा समज दूर केला. मांसाहारी प्राण्यांचे मुख्य दोन वंश. एक मांजराकडचा, एक कुत्र्याकडचा. मुंगूस मांजराच्या पंगतीतले, वीझल कुत्र्याच्या. दोघांची चण सारखी दिसते ती उपजीविकेमुळे, रक्ताच्या नात्यामुळे नव्हे. बिळात शिरून शिकार करणाऱ्याला लांब, सडपातळ अंग आणि आखूड पाय लागणारच. गंमत अशी की आपण ज्याला उदमांजर म्हणतो तो खराच मांजराच्या वंशातला, आणि कोकणातील खाड्यांतून हिंडणारे पाणमांजर मात्र मांजर मुळीच नव्हे. तो वीझलचा सगोत्र. नावावरून गोत्र ठरविण्यात काय धोका आहे, हे आमच्या घरात लग्ने जुळविणाऱ्यांस सांगावयास हवे!

यावरून मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट आठवली. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातली ब्राह्मणी आणि मुंगूस यांची कथा सर्वांस ठाऊकच आहे. हे पुस्तक पहिल्याने पहलवीत गेले आणि तेथून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत आणले. त्या 'कलीला व दिम्ना' ग्रंथात आपल्या नकुलाच्या जागी 'इब्न इर्स', म्हणजे वीझल आला. पुढे पश्चिमेकडे जाता जाता त्याचा कुत्रा झाला. म्हणजे पाळण्याजवळ साप मारून रक्ताळलेल्या तोंडाने दारात उभा राहिलेला तो इमानी प्राणी एका वंशातून दुसऱ्या वंशात गेला, पण शहानिशा न करता त्याचा जीव घेण्याची घाई मात्र सर्व देशांत तीच राहिली. हे मी पुतण्यास सांगितले तेव्हा तो फार खूश झाला. वहीत टिपूनही घेतले.

लेहहून झिंगचेनपर्यंत मोटार जाते, पुढे ओढ्याच्या काठाने पायवाट. तरुण माणूस दोन-अडीच तासांत रुंबकला पोहोचतो. मला पाच लागले. गाव साडेबारा हजार फुटांच्याही वर, १९८१ साली स्थापन झालेल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत. मोजकी घरे, सातूची हिरवी शेते आणि भोवती गेरू, राख, जांभळा अशा रंगांचे उघडे डोंगर. ज्या घरी आम्ही उतरलो तेथल्या म्हाताऱ्या बाईंना सगळे 'आमा-ले' म्हणत. आमा म्हणजे आई, आणि 'ले' हा आपल्या 'जी'सारखा आदरार्थी प्रत्यय. मी मांसाहार करीत नाही हे कळताच त्यांनी कणकेचे तुकडे, मुळा व बटाटे घातलेले स्क्यू रांधले. लोणी-मिठाचा चहा तेवढा माझ्या घशाखाली उतरेना; दुसऱ्या दिवशी तोही उतरला.

आता हा प्राणी कोठे व केव्हा पाहावा, याविषयी जे मी शिकलो ते सांगतो, कारण आपल्याकडील पुष्कळ कुटुंबे हल्ली लडाखास जातात आणि सरोवरे व मठ पाहून परततात. रुंबकच्या परिसरात आढळतो तो डोंगरी वीझल. पल्लास या शास्त्रज्ञाने १८११ साली अल्ताई पर्वतावरून त्याचे नाव ठेवले. शेपूट सोडून लांबी वीतभर किंवा थोडी अधिक, शेपूट त्याच्या निम्म्याने; मोठ्या नराचे वजन पावशेराच्या आसपास, मादी त्याहून बरीच लहान. उन्हाळ्यात पाठ करडी-तपकिरी, पोट फिकट पिवळसर, ओठ व हनुवटी पांढरी. हिवाळ्याच्या आरंभी कात टाकावी तशी लव बदलून तो अधिक फिका, पिवळट होतो. लडाखात याचा एक भाऊबंद आहे, स्टोट. त्याच्या शेपटीचे टोक काळे असते, हीच दोघांतली ओळख. बर्फात पांढऱ्याशुभ्र झालेल्या स्टोटचे ते टोक काळेच का राहते, यावर अमेरिकेत रॉजर पॉवेल यांनी खोटे वीझल करून ससाण्यांपुढे ओढून पाहिले व १९८२ साली निष्कर्ष छापला: ससाणा त्या काळ्या ठिपक्यावर झेपावतो आणि अंग निसटते. युरोपातील राजांच्या पांढऱ्या झग्यांवर जे काळे ठिपके दिसतात, ती याच बिचाऱ्यांच्या शेपटांची टोके.

वीझल शोधू नये, पायका शोधावा, हा पुतण्याचा पहिला नियम. पायका हा सशाच्या कुळातला, उंदराएवढा दिसणारा, गोल कानांचा आणि शेपूट नसलेला जीव. दगडांच्या राशींत राहतो, थंडीत निजून राहत नाही. जेथे पायका विपुल तेथे आज ना उद्या वीझल येणारच, कारण इतक्या सडपातळ अंगात ऊब टिकत नाही. या जातीच्या लहान प्राण्यांना दिवसाकाठी आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके, कधी त्याहून अधिक अन्न लागते. एक दिवस उपास पडला तर जिवावर बेतते. म्हणून दरडींचे ढीग, मेंढ्यांच्या वाड्यांची कोरड्या दगडांची कुंपणे, मंत्र कोरलेल्या शिळांच्या मणी-भिंती, ओढ्याकाठची वाळुंजाची झुडपे, अशा जागा निवडाव्यात. वेळ उन्हे दगडांवर उतरल्यापासून दोन तास, आणि संध्याकाळी सावली चढू लागल्यावर. महिने जून ते सप्टेंबर.

दुसरा नियम कानांचा. पायकांची एक बारीक शीळ उठते आणि सारी दरड एकदम निश्चल होते. त्याहूनही खात्रीची खूण म्हणजे काळ्या-पांढऱ्या मॅगपाय पक्ष्यांचा कलकलाट. हे कावळ्याच्या कुळातले पक्षी वीझलच्या मागे लागून जागा बदलीत ओरडत राहतात. तिसरा नियम मला सर्वांत आवडला. वीझल भोकात शिरला की लोक 'गेला' म्हणून उठतात. उठू नये. त्याला आपल्याहूनही अधिक चौकसपणा असतो. आपण हललो नाही तर तो त्याच भोकातून, नाही तर हातभर पलीकडच्या भोकातून मान काढून पाहतो.

पहिल्या दिवशी काही दिसले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी दगडावर बसून बसून अवघडलो, आणि 'दादांनी मला कशासाठी पाठविले व मी काय करीत आहे' असा विचार मनात येऊ लागला. तिसरा दिवस १७ जुलै, आषाढी एकादशी. वहिनींनी साबुदाणा व दाण्याचे कूट बांधून दिले होते. पण त्या उंचीवर पाणी सत्त्याऐंशी अंशांच्या सुमारासच उकळते, म्हणून बटाटे कुकरात शिजवावे लागले. उपास म्हणजे काय हे पुतण्याने आमा-लेंना समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावून एक वाटी दही पुढे ठेवले. उपास त्यांच्याही धर्मात आहेत.

सातच्या पुढे आम्ही मेंढ्यांच्या एका जुन्या वाड्यापासून वीस पावलांवर बसलो. ऊन भिंतीच्या माथ्यावरून हळूहळू खाली येत होते. एकाएकी दोन मॅगपाय कर्कश ओरडू लागले. पुतण्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दरडीच्या कडेने काहीतरी वाहत आले. धावत आले असे म्हणवत नाही, कारण पाय दिसतच नव्हते, दगडांवरून पाण्याची धार उतरावी तसे ते उतरत होते. मग ते थांबले, आणि मला कळले की त्याच्या तोंडात एक पायका आहे, जवळजवळ त्याच्याच वजनाचा. ती मादी होती. शिकार मानेशी धरून ती मागे रेटीत, मध्येच सोडून श्वास घेत, पुन्हा धरीत भिंतीपाशी आली. भोक लहान होते. पायका आत जाईना. तेव्हा तिने तो बाहेर टाकला, आपण आत शिरली, आतून वळली आणि डोके बाहेर काढून त्यास मानेशी धरून आत ओढून घेतले. दगडांच्या आतून बारीक चिवचिवाट उठला, पिल्ले होती.

मी हललो नाही. थोड्या वेळाने दुसऱ्याच भोकातून पांढऱ्या हनुवटीचे ते डोके निघाले. तिने प्रथम पुतण्याकडे पाहिले, मग मजकडे. माझ्याकडे जास्त वेळ पाहिले असे मला वाटते, कारण तो तिच्या ओळखीचा झाला असावा. मग ती निघाली, पुन्हा दरडीकडे. अकरा वाजेपर्यंत ती आणखी दोनदा आली. नर या जातीत संसारात नसतो. सारे तिच्या एकटीवर. समजूत घालण्यास धाडावयाला दीरही नाही.

त्या दुपारी मी विषय काढला. पुतण्याने वाद घातला नाही. वही माझ्या हाती दिली व म्हणाला, "आधी हे वाचा." मी पाने उलटू लागलो. तारीख, वेळ, हवा, जागा, आणि बहुतेक पानांवर शेवटी एकच ओळ: प्राणी दिसला नाही. कित्येक दिवस सलग. जिथे काही नाही तेथेही त्याचे अक्षर तसेच नीटस, शाळेत मी घोटवून घेतले होते तसे. "हे कशाला लिहितोस?" मी विचारले. तो म्हणाला, "काका, दिसला तेवढेच लिहिले तर तो सगळीकडे आहे असे वाटेल. नसणेही मोजावे लागते."

जानेवारीच्या पानांवर माझा हात थांबला. आई गेली त्या तारखेस लिहिले होते: 'सकाळी आठ ते साडेअकरा. ढगाळ. बर्फात कालचे ठसे. प्राणी दिसला नाही.' त्यापुढे आणखी दोन दिवसांच्या नोंदी. मग कोरी पाने.

तो खाली पाहत होता. रुंबकला तेव्हा फोन लागत नव्हता. निरोप घेऊन मनुष्य आला तो दोन दिवसांनी. रात्रीच तो ओढ्याच्या गोठलेल्या पात्रावरून झिंगचेनकडे उतरला. लेहला पोहोचला आणि बर्फामुळे विमाने बंद. पाच दिवस रोज पहाटे विमानतळावर जाऊन परत येई. "बाबांना हे मी सांगितले नाही," तो म्हणाला. "सांगितले असते तर सबब सांगतो असे वाटले असते. त्या दिवशी सकाळी मी ठशांची लांबी मोजत बसलो होतो काका. आजी जात होती आणि मी ते मोजत होतो." पुढे त्यास बोलवेना. मलाही. आमा-लेंनी न विचारता दोघांपुढे चहा ठेवला.

संध्याकाळी मी त्यास इतकेच विचारले की दोन वर्षे झाल्यावर काय. काम पुरे करीन, मग पुढे याच विषयात शिकेन, कोठे प्रवेश मिळतो ते पाहीन. न मिळाल्यास नोकरी आहेच, असे तो म्हणाला. मी 'परत चल' म्हटले नाही. म्हणावयास पाहिजे होते की काय, हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही. येथली थंडी, तुटपुंजा पैसा आणि एकटेपणा ही खरी आहेत, आणि त्याने ती लपविलीही नाहीत.

ज्यांस लडाखची उंची झेपणार नाही त्यांच्यासाठी जाता जाता सांगतो. कुमाऊत मुक्तेश्वर-बिनसरच्या बाजूस बांज व बुरांसाच्या रानात, सहा ते आठ हजार फुटांवर, याच कुळातला पिवळ्या गळ्याचा मार्टेन भरदिवसा, पुष्कळदा जोडीने हिंडताना दिसतो; तो अंगाने मांजराहून लांब, शेपूट काळे झुपकेदार, फळे व मधही खाणारा. नेपाळात त्यास मलसाप्रो म्हणतात. त्याचा दक्षिणेकडील भाऊ निलगिरी मार्टेन. इरविकुलमसारख्या उंच रानात नशीब असेल तरच भेटतो. आणि नेपाळातील पिवळ्या पोटाच्या वीझलचे वर्णन काठमांडूचे हॉजसन साहेब यांनी १८३५ साली प्रसिद्ध केले. तेथील लोक घरातले उंदीर हटविण्यास तो पाळीत, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

घरी परतलो त्या रात्री जेवणे झाल्यावर दादा ओटीवर आले. "काय म्हणतो?" त्यांनी विचारले. मी आधी वीझलची हकीकत सांगितली. पायका आत जाईना तेव्हा तिने काय केले ते हाताने करून दाखविले. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मग वहीतली ती तारीख सांगितली, त्यापुढची कोरी पाने सांगितली, आणि विमानतळावरच्या पाच पहाटा सांगितल्या. दादा बराच वेळ सुपारी कातरीत राहिले. कातरून झालेली सुपारी त्यांनी तोंडात टाकली नाही, तशीच तबकात ठेवली.

"पाच दिवस," ते म्हणाले. "एकटाच होता?"

"एकटाच."

वहिनी आत गेल्या. दादा उठले, दिव्याचे बटण बंद करण्यास हात नेला आणि तसेच थांबून त्यांनी विचारले, "अरे, त्या गावी जायचे म्हटले तर माझ्यासारख्याला झेपेल का?"

मी म्हणालो, रक्तदाबासाठी डॉक्टरांना आधी विचारायचे. लेहात तीन दिवस पडून राहायचे, जिना चढायचा नाही. झिंगचेनपुढे घोडा मिळतो का ते त्याला पाहावयास सांगू. आणि जायचे तर सप्टेंबरच्या आत. सकाळी सातला भिंतीसमोर बसायचे, आणि ती आत गेली तरी उठायचे नाही.

"हे सगळे कागदावर लिहून दे," दादा म्हणाले.